अ‍ॅनालॉग इंजिन डिजिटल करताना: आधी मोटर सोडवा, मग डिकोडर जोडा

गोव्यातल्या कुळेहून कर्नाटकातल्या कॅसलरॉककडे घाट चढणारी मालगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या शेपटीला लागलेली बँकर इंजिनं आठवत असतील. पुढचं इंजिन ओढतंय, मागची ढकलतायत, चढ १:३७ चा. हा घाट माळ्यावरच्या माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर उतरवायचा म्हणून मी प्लायवूडवर मीटरला २७ मिलिमीटर चढ दिला, बोगदा केला, भातुकलीतल्या स्पंजाची झाडंही लावली. बँकर मात्र काही केल्या जमेना. अ‍ॅनालॉग रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच सुटतात आणि एकदमच थांबतात. गाडी वर पोचल्यावर मागचं इंजिन सोडून एकट्याला खाली आणायचं, तर रुळाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला स्विच लावा आणि हे इंजिन कुठल्या तुकड्यावर उभं आहे ते डोक्यात ठेवा. त्यात गंमत राहत नाही.

म्हणून डिजिटल. शौकीन लोक याला डीसीसी म्हणतात, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. (बेळगावात डीसीसी म्हटलं की पहिल्यांदा बँकच आठवते, घरात हा शब्द वापरताना जपून.) हा लेख एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या, जुन्या अ‍ॅनालॉग इंजिनात डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे निरोप वाचणारा छोटा सर्किट बोर्ड, कसा बसवायचा याबद्दल आहे. रुळाची रुंदी १६.५ मिलिमीटर. इंग्रजी ओओ मापाची इंजिनंही याच रुळावर चालतात, त्यांनाही जवळजवळ सगळं हेच लागू.

रुळात नेमकं काय बदलतं

अ‍ॅनालॉगमध्ये रुळात ० ते १२ व्होल्ट डीसी असतो. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की दिशा बदलते. रूळ म्हणजे मोटरीचीच लांब केलेली वायर.

डिजिटलमध्ये रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओसाठी साधारण १४ ते १५. ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतं आणि त्या उलटण्याच्या लांबीतच निरोप दडलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ती १, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ०. इंजिनातला डिकोडर हा निरोप वाचतो. पत्ता आपला असेल तर मोटरीला हवी तेवढी वीज देतो, नसेल तर ढिम्म. मूळ पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीची. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिचं मानक केलं, त्यामुळे आज एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर बिनतक्रार चालतो.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. आता मोटर आणि रूळ यांचा थेट संबंध कुठेही राहता कामा नये. रुळाची वीज आधी डिकोडरात जाईल आणि तिथून मोटरीत. जुन्या इंजिनात हा संबंध दोन वायरींचा नसतो. तो सांगाड्यातून, स्क्रूमधून, पत्र्याच्या चिमट्यातून, कुठून कुठून झालेला असतो. माझा पहिला डिकोडर गेला तो असाच एका स्क्रूमुळे. टिचकी मारल्यासारखा आवाज, करपल्याचा वास, आणि खेळ संपला.

आधी इंजिन त्या लायकीचं आहे का ते बघा

डीसीवर कुरकुरणारं इंजिन डिकोडर घालून सुधारत नाही, उलट दोष दुप्पट दिसतात. म्हणून उघडण्याआधी ते साध्या कंट्रोलरवर अर्धा तास पळवा, पंधरा मिनिटं पुढे आणि पंधरा मागे. अगदी सावकाश चालवून पाहा. अडखळत असेल तर चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गिअरमधलं वाळलेलं ग्रीस काढून थेंबभर नवं लावा, कार्बन ब्रश झिजलेत का ते बघा. एखाद्या बाजूच्या चाकांना वीजच मिळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करा.

मग एक मोजमाप. मल्टिमीटर १० अँपिअरच्या डीसी रेंजवर ठेवून रुळाच्या एका वायरीत मालिकेत जोडा. १२ व्होल्ट द्या आणि फ्लायव्हील, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरचं जड चाक, बोटाने दाबून मोटर क्षणभर अडवा. एक-दोन सेकंद, जास्त नको. जो आकडा दिसेल तो स्टॉल प्रवाह. डिकोडर सतत जितके अँपिअर सोसतो असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याच्या आत हा आकडा हवा. अलीकडच्या पाच ध्रुवांच्या मोटरी बहुधा १ अँपिअरच्या आत असतात आणि साध्या एचओ डिकोडरवर निवांत चालतात. जुन्या उघड्या बांध्याच्या मोटरी २ च्या पुढेही जातात. अशी असेल तर मोटरच बदलायचा विचार करा, किंवा ते इंजिन कपाटात शोभेला ठेवा. मी एक ठेवलंय.

इंजिनाच्या पोटात आठ भोकांचं सॉकेट आणि त्यात टोपीसारखी एक छोटी पट्टी दिसली, तर नशीबवान आहात. पट्टी काढा, आठ पिनांचा डिकोडर बसवा, नारिंगी वायर १ नंबरच्या भोकात येईल एवढं बघा. उलटा बसला तर सहसा काही जळत नाही. इंजिन चालतं, पण उलट्या दिशेने, आणि दिवे लागत नाहीत. काढून फिरवून बसवायचा. अशा इंजिनवाल्यांनी खालचे चार भाग सोडून थेट ‘पहिली परीक्षा’ या भागावर जावं.

सामान

बारीक टोकाची २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री, राळेचा गाभा असलेली बारीक सोल्डर तार, बीप वाजवणारा मल्टिमीटर, घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर सेट, चिमटा, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी). सर्वांत महत्त्वाची पिवळी हीट टेप, म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाले बोर्डावर लावतात ती. गणपत गल्ली, खडेबाजाराच्या आसपासच्या कुठल्याही मोबाईलवाल्याकडे मागा. काळी इन्सुलेशन टेप अजिबात वापरू नका. उन्हाळ्यात माळ्यावर तिचा चिकट पाक होतो, आणि तो पाक वर्म गिअरमध्ये शिरला की रविवार गेला.

डिकोडर बहुतेक बाहेरूनच मागवावा लागतो. मागवताना दोन मागवा. दुसरा हाताशी असला की पहिला लावताना हात थरथरत नाही.

मोटर सोडवणं

हाच या कामाचा गाभा आहे, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. आमच्या ओळखीचे, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतले एक लेथवाले मिस्त्री आहेत. पहिला डिकोडर जळाल्यावर मी इंजिन घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांना डिजिटल-बिजिटलचं काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “वायर काय, कोणपण जोडतंय. आधी काय कशाला चिकटलंय ते बघा की.” त्या दिवसापासून मी इस्त्री तापवण्याआधी कागद-पेन्सिल घेतो.

वरचं कवच काढा. पुढचं-मागचं कुठलं ते आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग कागदावर विजेचा रस्ता काढा: उजव्या रुळाची चाकं, तिथून बोगीचा पत्रा, तिथून कुठे? डाव्या रुळाची चाकं, तिथून कुठे? मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक चाकाला लावा आणि दुसरं टोक प्रत्येक पत्र्याला, स्क्रूला, सांगाड्याला लावत जा. जिथे बीप वाजेल तिथे कागदावर खूण. दहा मिनिटांत नकाशा तयार होतो.

बहुतेक जुनी इंजिनं तीनपैकी एका प्रकारात बसतात.

पहिल्या प्रकारात एका बाजूच्या चाकांची वीज पूर्ण सांगाड्यात येते आणि मोटरीचा एक ब्रश त्या सांगाड्यालाच टेकलेला असतो. दुसऱ्या बाजूची वीज वरच्या पट्टीने दुसऱ्या ब्रशला जाते. निळ्या खोक्यातली जुनी अ‍ॅथर्न डिझेलं याचा नमुना. त्यांच्या मोटरीखालच्या ब्रशच्या पत्र्याला दोन बारीक टोकं असतात आणि ती सांगाड्यावर दाबून बसतात. इथे मोटर बाहेर काढायची आणि खालचा पत्रा अलगद सोडवायचा. अलगद म्हणजे खरंच अलगद, कारण त्याखाली स्प्रिंग आणि ब्रश असतो आणि ती स्प्रिंग उडाली तर परसातल्या कोंबड्यांनाच सापडते. ताटात किंवा पांढऱ्या पंच्यावर काम करा. पत्र्याची ती दोन टोकं कापून किंवा दाबून सपाट करा. पत्र्याला राखाडी वायर सोल्डर करा, पण पत्रा मोटरीपासून वेगळा असतानाच. मोटरीवर ठेवून इस्त्री लावली तर मोटरीचं प्लास्टिक वितळतं. मग पत्रा परत बसवा, वरच्या ब्रशची पट्टी काढून तिथे नारिंगी वायर लावा. मोटर जिथे बसते त्या खाचेत हीट टेपचे दोन थर द्या. एक नव्हे, दोन. ओतीव सांगाड्यावर बारीक काटे असतात, ते एका थरातून वर येतात.

दुसऱ्या प्रकारात सांगाडाच उभा चिरलेला असतो. डावा अर्धा डाव्या रुळाचा, उजवा अर्धा उजव्या रुळाचा, मध्ये प्लास्टिकच्या चकत्या, आणि मोटरीची दोन्ही टोकं दोन अर्ध्यांना टेकलेली. इथे दोन्ही टोकं सोडवावी लागतात. टोकांचे पत्रे मोटरीकडे वाकवायचे, त्यांना वायर जोडायची, वर स्लीव्ह चढवायची, आणि समोरच्या सांगाड्यावर आतून टेप. दोन अर्धे परत जुळवताना मधल्या प्लास्टिकच्या चकत्या विसरलात, तर सरळ शॉर्ट.

तिसरा प्रकार सगळ्यात सोपा. मोटर प्लास्टिकच्या खोक्यात बसलेली आणि तिला दोन वायरी आलेल्या. त्या कापल्या की झालं. झालं असं *वाटतं*. मोटर धरून ठेवणारा स्क्रू बघा. तो मोटरीच्या लोखंडी घरात शिरतो आणि खाली सांगाड्यात. काही मोटरींत एक ब्रश त्या घरालाच जोडलेला असतो. माझा डिकोडर खाल्ला तो हाच स्क्रू. त्याच्या जागी मी नायलॉनचा स्क्रू बसवला. नायलॉनचा नसेल तर मोटर दुतोंडी टेपने चिकटवा.

आता परीक्षा, आणि इथे सवलत नाही. बीपवर ठेवलेल्या मल्टिमीटरचं एक टोक मोटरीच्या एका टर्मिनलला लावा. दुसरं टोक प्रत्येक चाकाला, सांगाड्याच्या दोन्ही भागांना, प्रत्येक स्क्रूला. कुठेही बीप वाजता कामा नये. मग दुसरं टर्मिनल. मग मोटर बोटाने अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा सगळं. मग इंजिन पूर्ण जोडून, स्क्रू आवळून पुन्हा एकदा, कारण आवळल्यावर टेप दबते. मी हे चार वेळा करतो. बायको म्हणते, एवढ्या वेळा तू गॅसचा नॉब बघत नाहीस.

मोटरीच्या टर्मिनलांवर एखादा चपटा कपॅसिटर आणि तारेच्या दोन छोट्या गुंडाळ्या दिसतील. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून ते सगळं लावलेलं असतं. डिकोडर मोटरीचा वेग मोजतो त्यात कपॅसिटर अडथळा आणतो आणि इंजिन धडधडत चालतं. कपॅसिटर काढून टाका.

डिकोडरला जागाच नसेल तर वजनाचा तुकडा कापावा लागतो. हे काम मोटर आणि गिअर पूर्ण बाहेर काढूनच करा. मी एकदा आळस करून मोटर तशीच ठेवून कानशीने घासलं. त्या चुऱ्याने वर्म गिअर आतून खरवडला आणि इंजिन आजही घरघरतं. उद्यमबागेत मिलिंग करून घेतलं तर पाच मिनिटांचं काम. जाताना फक्त सांगाडा न्या, आणि हे खेळणं कशाला असं विचारल्यावर लाजू नका.

रंगांप्रमाणे जोडणी

डिकोडरच्या वायरींचे रंग मानकात ठरलेले आहेत, बहुतेक कंपन्या तेच वापरतात. लाल उजव्या रुळाच्या चाकांना, काळी डाव्या रुळाच्या. नारिंगी मोटरीच्या त्या टर्मिनलला जे पूर्वी उजव्या रुळाशी जोडलेलं होतं, राखाडी दुसऱ्याला. निळी म्हणजे दिव्यांचा सामाईक धन. पांढरी पुढच्या दिव्याचा परतीचा मार्ग, पिवळी मागच्याचा. हिरवी आणि जांभळी जास्तीच्या कामांसाठी. लागत नसतील तर टोकं वेगवेगळी स्लीव्हमध्ये बंद करा, एकत्र पिळू नका.

उजवं-डावं ठरवताना इंजिन पुढे तोंड करून आपणही त्याच दिशेला बघतोय असं समजायचं.

वायर जोडण्याआधी स्लीव्ह आधी ओवायची. हे लिहायची गरज नाही असं वाटतं, पण सुंदर सांधा झाल्यावर स्लीव्ह टेबलावरच राहिली हे कळण्यासारखं दुःख नाही. दोन्ही टोकांना आधी थोडं सोल्डर चढवा, मग टोकं जुळवून दोन सेकंद इस्त्री. सांधा चमकला पाहिजे. करडा आणि दाणेदार दिसला तर पुन्हा. वायरी फार लांब ठेवू नका, पण बोगी वळणावर फिरेल एवढी ढील मात्र द्या. ताणलेल्या वायरीचं इंजिन प्रत्येक वळणावर रूळ सोडतं आणि आपण रुळाला दोष देत बसतो.

डिकोडर दुतोंडी फोमटेपने सांगाड्याला चिकटवा. संपूर्ण टेपमध्ये गुंडाळू नका, तो तापतो आणि त्याला हवा लागते. कवच घातल्यावर धातूचं काही टेकणार असेल, तर तेवढ्याच जागी हीट टेप.

दिवे

जुने १२ व्होल्टचे बल्ब डिजिटल रुळावर कायम पूर्ण व्होल्टेजवर जळतात आणि कवच वितळवतात. सरळ एलईडी लावा. रुळात १४.५ व्होल्ट असेल तर डिकोडरच्या आतली घट धरून दिव्याला साधारण १३ मिळतात. पांढरा एलईडी ३ खातो, उरले १०. एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की १० मिलिअँपिअर जातात, पाव वॉटचा पुरतो. एलईडीचा लांब पाय निळ्या वायरीला, आखूड पाय रेझिस्टरमधून पांढऱ्या किंवा पिवळ्याला. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर. दिव्याचा उजेड डोळ्यात खुपत असेल तर रेझिस्टर वाढवा. माझ्या डिझेलला ४.७ किलोओहम आहे आणि रात्रीच्या देसूर स्टेशनावर दुरून येणाऱ्या गाडीसारखा दिसतो.

पहिली परीक्षा

थेट मुख्य रुळावर ठेवायचं नाही. बहुतेक डिजिटल कंट्रोलरना प्रोग्रॅमिंग ट्रॅकसाठी, म्हणजे डिकोडर वाचण्या-लिहिण्याच्या सुट्या रुळासाठी, वेगळं आउटपुट असतं आणि त्याचा प्रवाह मर्यादित असतो. मानकात २५० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचण्याची बरीच शक्यता असते. अर्ध्या मीटरचा सुटा रूळ पाटावर ठोका आणि त्याला या आउटपुटच्या दोन वायरी जोडा.

कंट्रोलर महाग वाटत असेल, तर डीसीसी-ईएक्स नावाचा मुक्त प्रकल्प आहे. अर्ड्युइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटर शील्ड, म्हणजे रुळाला वीज देणारा दुसरा बोर्ड, आणि संगणकात जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर. वायफायचा जोड दिला तर इंजिन ड्रायव्हर नावाच्या अ‍ॅपने जुना मोबाईलच कंट्रोलर होतो. दोन सूचना. मूळ अर्ड्युइनो मोटर शील्डच्या मागे खालच्या बोर्डाला वीज देणारा एक बारीक जोड असतो, तो कापल्याशिवाय १२ व्होल्टच्या वरचा अडॅप्टर लावू नका, नाहीतर खालचा मेगा जातो. आणि घरात पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर एचओसाठी जास्त होतो, १५ व्होल्टचा शोधा.

कवच न घालता इंजिन त्या रुळावर ठेवा आणि पत्ता वाचायला सांगा. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. ३ वाचलं गेलं म्हणजे लाल, काळी, नारिंगी, राखाडी चारही नीट जोडलेल्या आहेत, कारण डिकोडर उत्तर देतो तेच मोटरीला क्षणभर झटका देऊन. इंजिन किंचित हुळहुळतं ते त्याचं बोलणं. उत्तर आलं नाही तर आधी चाकं आणि रूळ पुसा, मग लाल-काळी तपासा, मग मोटरीच्या वायरी. कंट्रोलरने शॉर्ट दाखवला तर लगेच उचला आणि बीपची परीक्षा पहिल्यापासून.

वाचता आलं की मुख्य रूळ, पत्ता ३, अगदी हळू वेग. इंजिन उलटं गेलं पण दिवा बरोबर असेल, तर नारिंगी-राखाडी अदलाबदल. दिवा आणि दिशा दोन्ही उलटे असतील, तर काही उपटू नका, खालचा सीव्ही २९ बघा.

पत्ता आणि सीव्ही

डिकोडरच्या आत आकड्यांचे खण असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. शेकडो असतात, रोज लागतात सात-आठ.

सीव्ही १ मध्ये लहान पत्ता, १ ते १२७. मला इंजिनावर रंगवलेला चार आकडी नंबरच पत्ता म्हणून हवा असतो. तो सीव्ही १७ आणि १८ मध्ये जातो. कंट्रोलर हे आपोआप करतो, तरी हिशेब माहीत असलेला बरा. समजा नंबर ३०२६. त्याला २५६ ने भागा: ११ आले, बाकी २१०. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ११, म्हणजे २०३. सीव्ही १८ मध्ये २१०.

सीव्ही २९ म्हणजे बेरजेचा खण. दिशा उलटी करायची तर १, २८ किंवा १२८ पायऱ्यांचा वेग हवा तर २, अ‍ॅनालॉग रुळावरही चालू द्यायचं तर ४, चार आकडी पत्ता वापरायचा तर ३२. बहुतेक नवे डिकोडर ६ घेऊन येतात, म्हणजे २ अधिक ४. तो ४ मी पहिल्याच दिवशी काढून टाकतो. आमच्याकडे पावसात लाइट जाते-येते. परत आल्यावर रुळावर क्षणभर गडबडीची वीज आली आणि डिकोडरला ती अ‍ॅनालॉग वाटली, तर इंजिन पूर्ण वेगाने सुटतं. माझं एक असंच घाटाच्या वरून थेट जमिनीवर आलं. म्हणून लहान पत्त्यासाठी २, चार आकडी पत्त्यासाठी ३४.

सीव्ही २ सुटण्याचं व्होल्टेज. वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकेपर्यंत एक-एक वाढवा. सीव्ही ५ कमाल वेग. खेळण्यातली इंजिनं विमानासारखी पळतात, त्यांना इथे लगाम. सीव्ही ३ आणि ४ वेग घेण्याचा व सोडण्याचा सावकाशपणा. सीव्ही ३ मधला आकडा गुणिले साधारण ०.९ एवढे सेकंद शून्यापासून पूर्ण वेगाला लागतात. २० टाकले तर १८ सेकंद. मालगाडीला मी २५ ठेवतो. सीव्ही ८ मध्ये कंपनीचा क्रमांक असतो, आणि सगळा गोंधळ झाला तर बऱ्याच डिकोडरांत त्याच खणात ८ लिहिलं की डिकोडर कारखान्यातून आल्यासारखा होतो. पत्ता पुन्हा ३.

पावसाळ्याचं वेगळं

अ‍ॅनालॉगमध्ये घाणेरड्या रुळावर इंजिन अडखळतं, इतकंच. डिजिटलमध्ये निरोपच तुटतो, डिकोडर झोपून उठतो आणि दिवे लुकलुकतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर माळ्यावर भिंतींना ओल येते, रुळावर काळा थर दर आठवड्याला बसतो. रूळ अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका, त्या ओरखड्यांत घाण आणखी लवकर बसते. इंजिनाच्या शक्य तितक्या चाकांवरून वीज उचला. जुन्या इंजिनात चारच चाकांवरून घेतलेली असेल तर उरलेल्यांना बारीक पितळी पत्ती लावून जोडा. याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या डिकोडरनेही पडत नाही. डिकोडरला वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची सोय असेल तर तोही लावा, पण आधी पत्त्या.

आणि जुनं-नवं मिसळू नका. मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकात मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, तेव्हा मीटरगेजचं इंजिन नव्या रुळावर उभंच राहू शकत नव्हतं, त्यामुळे चूक होत नव्हती. आपल्या रुळावर मात्र डिकोडर नसलेलं इंजिनही मजेत उभं राहतं, गुणगुणतं आणि आतून तापत राहतं. नाजूक कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली मोटर तर जळूनच जाते. त्याहून वाईट म्हणजे जुना डीसी कंट्रोलर आणि नवा डिजिटल कंट्रोलर एकाच रुळाला एकदम जोडलेले राहणं. जुन्याची वायर भिंतीतूनच काढून टाका.

बँकर

पुढच्या आणि मागच्या इंजिनाचा वेग आधी जुळवा. दोघांना एकट्याने, हातभर अंतर ठेवून, एकाच पायरीवर पळवा आणि सीव्ही २ व ५ बदलत अंतर कायम राहीपर्यंत खटपट करा. अगदी तंतोतंत नको, मागचं किंचित हळू असलं तर गाडी वळणावर चिरडत नाही. सीव्ही ३ आणि ४ दोघांत सारखेच.

मग दोन मार्ग. दोन्ही इंजिनं वेगवेगळ्या पत्त्यांवर दोन हातांनी चालवा. भाचा आला की आम्ही असंच करतो, तो कुळ्याकडून ढकलतो आणि मी कॅसलरॉककडून ओढतो, आणि शिट्टीवरून भांडतो. एकट्याला चालवायचं तर दोघांच्या सीव्ही १९ मध्ये एकच आकडा टाका, समजा २०. आता २० या पत्त्यावर दोन्ही एकत्र हलतात. बँकर तोंड मागे करून लावला असेल तर त्याच्या सीव्ही १९ मध्ये १२८ मिळवा, म्हणजे १४८.

वर पोचल्यावर बँकर सोडताना त्याचा सीव्ही १९ परत ० करायचा. हे विसरलं की इंजिन स्वतःच्या पत्त्यावर जागचं हलत नाही, दिवे मात्र बहुधा लागतात. मग आपण कवच काढतो, सांधे तपासतो, डिकोडर गेला म्हणून कपाळाला हात लावतो. इंजिन उघडण्याआधी सीव्ही १९ वाचा. मी दोनदा उघडलंय.